मी न वाचलेली वीस पानं

यातलं थोडंसं माझ्या बायकोला माहीत आहे. बाकीचं आजवर कुणाच्याच कानावर गेलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

ग्वाल्हेरच्या एका कॉलेजात मी आयुष्यभर आनुवंशिकी शिकवली. आईबापांकडून मुलांत उतरणारे आजार, हा माझा विषय. निवृत्त झाल्यावर दर्पण कॉलनीतल्या घरी बसून एका परदेशी जर्नलसाठी पेपर तपासायचो. कुणी संशोधन पाठवलं की ते छापायचं की नाही, हे माझ्यासारखे दोघं-तिघं ठरवतात. लिहिणाऱ्याचं नाव आम्हाला दिसतं. आमचं नाव त्याला कधीच कळत नाही — किती सोयीचं, नाही का?

एका सकाळी एका अरब देशातून पेपर आला. लिहिणारी तिथल्या लहान गावातली मुलांची डॉक्टर. एका खेड्यात, नात्यातच लग्नं होणाऱ्या घरांमध्ये, धडधाकट जन्मलेली बाळं दूध प्यायला लागली की सुस्तावायची आणि काही दिवसांत दगावायची. कोणत्या जनुकात दोष आहे ते तिने शोधून काढलं होतं. जन्मल्याबरोबर रक्त तपासून वेगळं दूध दिलं तर बाळ वाचेल, असं तिचं म्हणणं. पेपर बावीस पानांचा.

मी दोन वाचली.

बायको चहा घेऊन आली तोवर मी नकार लिहूनही टाकला होता. ती दाना ओलीतल्या शाळेत शिकवायची. म्हणाली, "अहो, इतक्या जल्दी? पूर्ण वाचलं तरी का?"

"अरब देशातलं आहे ग. तिथे कसलं आलंय संशोधन!"

"आम्ही चौथीच्या पोरांचे पेपर पण आखिरपर्यंत तपासतो," ती म्हणाली आणि कप ठेवून आत गेली.

मी लिहिलं काय होतं? 'या देशातून आलेली माहिती विश्वासार्ह मानता येत नाही; युरोपातल्या प्रयोगशाळेकडून खात्री करून घ्यावी.' हे वाक्यसुद्धा माझं नव्हतं. तरुणपणी माझा पेपर नेमक्या याच शब्दांत परत आला होता — तेव्हा 'हा देश' म्हणजे भारत होता. कितीतरी दिवस मी जळत होतो. आणि तेच वाक्य मी उचलून तिच्या तोंडावर मारलं! ज्याला लागलेलं असतं त्याला कुठे मारायचं ते बरोबर माहीत असतं. म्हणून माझी दया येऊ देऊ नका. मला स्वतःची चीड येते.

दोन वर्षांनी युरोपातल्या एका विद्यापीठाने तोच दोष शोधला. तोही पेपर माझ्याकडेच आला. तो मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, दोनदा. 'हे प्रथमच दाखवलं गेलं आहे, जरूर छापावं,' असं कळवलं. तिचा पेपर आठवला नाही का? आठवला. पहिल्याच पानावर आठवला. तरी मी 'प्रथमच' लिहिलं.

मग दिल्लीच्या एका परिषदेत ती डॉक्टर भेटली. जेवणाच्या टेबलावर, माझ्या शेजारच्याच खुर्चीवर. गळ्यातल्या ओळखपत्रावर नाव वाचलं आणि माझा घास तोंडातच राहिला. मी याच आजारांवर काम केलंय हे कळल्यावर ती आपणहून बोलू लागली. ते दूध बाहेरच्या देशातून मागवावं लागतं, परवानगी सरकारची. सरकार म्हणालं, आधी कुठेतरी छापून आणा.

"छापून आलं ते दुसऱ्यांचं," ती म्हणाली. "तोवर त्या खेड्यात आणखी तीन बाळं गेली. एका आईची तर दोन्ही. दुसऱ्या वेळी तिने बाळाला माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, तुम्हाला माहीत आहे ना याला काय झालंय? मग द्या ना औषध."

मी पाण्याचा पेला पुढे ओढला.

"त्या परीक्षकाने पेपर वाचलाच नव्हता हो. त्याला हवी होती ती खात्री मी करून घेतली होती. युरोपातूनच. पाचव्या पानावर लिहिलं होतं."

आणि मी — मी मान हलवून म्हणालो, "अशा माणसांना लाज वाटली पाहिजे."

तिचे डोळे भरून आले. "असं म्हणणारे तुम्ही पहिलेच," ती म्हणाली.

कळतंय ना? तिचे आभारसुद्धा मी खिशात घालून आलो.

तिने नंतर एकही पेपर लिहिला नाही. खेड्यात रुग्ण तपासते. मला कुणाची भीती नाही; नोकरी संपली आहे, माझं कुणी काही हिसकावून घेणार नाही. तिचा पत्ता माझ्याकडे आहे, निघताना तिनेच लिहून दिला होता. त्याला चार वर्षं झाली.

मी तिला लिहिलेलं नाही.