एक जूनचे चौदा जण

हुबळीतल्या आमच्या केशवापूरच्या वृद्धाश्रमात आम्ही एकतीस म्हातारे-म्हाताऱ्या राहतो, आणि त्यांतले चौदा जण एक जूनला जन्मलेले आहेत. आधार कार्डावर तसं छापलेलंच आहे. हा पराक्रम आमच्या आयांचा नव्हे, आम्हा मास्तर लोकांचा. पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला जन्मतारीख विचारली की तो डोकं खाजवायचा, "लिवा की मास्तर काईबी," म्हणायचा, आणि मास्तर शाळा उघडायची तारीख ठोकून मोकळा व्हायचा. कमरीपेठेतल्या मराठी शाळेत चौतीस वर्षं मीही हेच केलं.

मथुरा बोंगाळे हिची तारीखही मीच घातलेली. वर्गात ती मागच्या बाकावर बसायची आणि गणितात कच्ची होती. पुढे कमरीपेठेतच तिनं शिवणाचं मशीन टाकलं, नवरा गेल्यावर दोन मुली त्यावरच वाढवल्या. सहा वर्षांपूर्वी ती आश्रमात आली ती ब्लाऊज शिवायला. खांदे आखडलेल्या बायकांना हात वर न करता घालता येतील असे ब्लाऊज तिनं शिवून दिले, तेव्हा आमच्या बायका तिच्यावर इतक्या खूश झाल्या की व्यवस्थापकांनी तिला विचारलं, "आठवड्यातून चार दुपारी येऊन यांचं मन रमवशील का?"

तोवर आमचं मन रमवायचं काम विद्यानगरातल्या कॉलेजची मुलं करायची. फलक घेऊन यायची, आम्हाला टाळ्या वाजवायला लावायची, डोक्यावर कागदी टोप्या घालायची आणि फोटो काढून जायची. मी पहिल्याच दिवशी टोपी फाडली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना टाळ्या वाजवायला लावल्या, आता म्हातारपणी माझ्यावर ती पाळी का?

मथुरानं सगळ्यांचे वाढदिवस करायचं ठरवलं आणि कचेरीतून यादी आणली. चौदा एक जून बघून व्यवस्थापक खूश झाले. एक मोठा केक आणला की काम भागणार होतं. मथुरा माझ्याकडे आली.

"गुरुजी, हे काय करून ठेवलंय तुम्ही?"

"तेव्हा तसंच करायचे."

"मग आता निस्तरा की. बसा माझ्याशेजारी आणि लिहून घ्या."

अशा रीतीनं मी तिचा कारकून झालो. चुकूनसुद्धा ती कुणाला तारीख विचारायची नाही. "अक्का, तुम्ही झाला तेव्हा घरात काय चाललं होतं? आई काय सांगायची?" असं विचारायची आणि मग गप्प बसायची. हे गप्प बसणं मला चौतीस वर्षांत जमलं नव्हतं. कुणाच्या घरी ज्वारीची सुगी चालू होती, कुणाच्या आईच्या कळा सिद्धारूढस्वामींच्या जत्रेत रथाच्या गर्दीत सुरू झाल्या होत्या. एकेकाचा महिना सापडायचा, कधी तिथी सापडायची. ज्याची नाहीच सापडली त्याला ती म्हणायची, "तुम्हीच एक दिवस निवडा, पण एक जून सोडून."

आणि ज्याचा वाढदिवस, त्या दुपारी सगळ्या आश्रमानं त्याच्या मनासारखं वागायचं, हा तिचा नियम. अप्पाजी रेल्वेत गार्ड होते. ते म्हणाले, "मला स्टेशनात नेऊन बसवा." नऊ जण गेलो. हुबळीच्या त्या न संपणाऱ्या फलाटावर अप्पाजींनी प्रत्येक गाडीला हात दाखवून निरोप दिला, आणि एका गार्डानं खरोखर त्यांना उलट हिरवा बावटा दाखवला. शकुंतलाबाई नागपंचमीच्या. त्यांना झोका हवा होता. ऐंशी वर्षांच्या बाईला झोका! डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मथुरानं खुर्चीलाच दोर बांधले, दोन्ही बाजूंना नर्स उभ्या केल्या आणि लिंबाच्या फांदीवर शकुंतलाबाईंना असं झुलवलं की त्या कानडीत ओरडून म्हणाल्या, "इन्नू जोरागि!" आणखी जोरात. मी हे सगळं कौतुकानं लिहितोय आणि मला त्याची लाज वाटत नाही.

अडलं ते वेणूबाईंपाशी. वेणूबाई शहाऐंशीच्या. कुणाचाही वाढदिवस असला की त्या आपल्या खोलीचं दार लावून घ्यायच्या. एकदा मथुरा आत गेली, मी दारात थांबलो.

"मला न्हाई पायजे वाढदिवस," वेणूबाई म्हणाल्या. "मी झाले आणि आई गेली. जल्मताच आईला खाल्लीस, असं मामी रोज म्हणायची. जेवायला वाढताना म्हणायची. तो दिवस कशाला शोधतीस गं?"

असं सांगून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. शहाऐंशी वर्षं हे वाक्य उशाशी घेऊन झोपलेली बाई! मला त्या मेलेल्या मामीचा इतका राग आला की त्या रात्री मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी माझी हुशारी दाखवली. म्हटलं, "मथुरा, आई बाळंतपणात गेली असेल तर आईच्या श्राद्धाची तिथी हीच वेणूबाईंची जन्मतिथी. वेणूबाईंच्या वडिलांच्या घरी विचार." वेणूबाईंच्या वडिलांनी दुसरं लग्न केलं होतं, मुलगी आजोळी टाकली होती. त्या दुसऱ्या घरातला नातू पद्मनाभ धारवाडात वकिली करतो, हे आम्हाला ठाऊक होतं. मथुरा धारवाडच्या बसनं गेली. पद्मनाभनं दारातच तिथी सांगितली, फाल्गुन वद्य षष्ठी. त्यांच्याकडे दर वर्षी त्या थोरल्या आजीचं पान वाढतात.

मी म्हटलं, "झालं काम."

"कुठलं झालं, गुरुजी? आई गेल्याच्या दिवशी त्यांना गोड खा म्हणून सांगू? आणि ही तिथी आईची. वेणूअक्काची कुठं कुणी सांगितली?"

"एकच की दोन्ही."

"हे तुम्ही म्हणताय, आणि ती मामी. गिऱ्हाइकं मापाचं जुनं ब्लाऊज आणून देतात न्हाई का, त्यावर माझा विश्वास नाही. अंगाला टेप लावल्याशिवाय मी कापड कापत नाही."

मला राग आला. गणितात कच्ची पोरगी मला शिकवणार! दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. ती मात्र पुन्हा धारवाडला गेली. आमच्याकडे त्या आत्याचं काही लिहिलेलं नाही, असं सांगून पद्मनाभनं तिला वाटेला लावलं. तिसऱ्यांदा ती गेली तेव्हा पद्मनाभच्या बायकोसाठी ब्लाऊज शिवून घेऊन गेली. मागच्या खेपेला त्या बाईच्या ब्लाऊजचे खांदे उतरलेले तिनं पाहिले होते, नजरेनं माप घेतलं होतं. "टेप न लावता?" असं मी पुढे विचारलं तर म्हणाली, "दुरुस्तीपुरतं जादा कापड ठेवलं होतं आत, गुरुजी." ब्लाऊज चोख बसला. मग बायकोनंच पद्मनाभला माळ्यावर चढवलं.

माळ्यावर पणजोबांपासूनची पंचांगं कापडात बांधून ठेवलेली होती. त्या काळी घरात काही घडलं की पंचांगाच्या समासात लिहीत. मथुरा शहाऐंशी वर्षांपूर्वीचं, शके अठराशे साठचं पंचांग घेऊन आली, छातीशी धरून. माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "तुम्ही वाचा. मला मोडी येत नाही, पद्मनाभअण्णांनाही येत नाही."

मोडी मला येते. फाल्गुन वद्य षष्ठीच्या समासात लिहिलं होतं, "चंद्रभागा ज्वराने निवर्तली." ज्वराने. बाळंतपणानं नव्हे. मी पानं उलट चाळू लागलो. माघ कोरा, पौष कोरा. मार्गशीर्ष शुद्ध द्वादशीला त्याच शाईत, त्याच हातानं एक ओळ होती. ती वाचली आणि माझा चष्मा ओला झाला. मथुराला मी म्हटलं, "माझं चुकलं होतं गं." माझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणालाही मी आजवर असं म्हटलेलं नव्हतं.

आम्ही दोघं वेणूबाईंच्या खोलीत गेलो. मथुरानं त्यांचा हात धरला आणि मला खूण केली. मी वाचलं, "पहाटे कन्या झाली. दोघी सुखरूप."

मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मोठ्यानं पुन्हा वाचलं.

"दोघी म्हणजे कोण?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही आणि आई," मथुरा म्हणाली. "आई नंतर तापानं गेली, अक्का. फाल्गुनात."

"नंतर म्हणजे कधी?"

मथुरानं बोटांवर मोजलं, चुकली, पुन्हा मोजलं. मी मुद्दाम मदत केली नाही. "तीन महिने आणि नऊ दिवस," ती म्हणाली. हिशेब बरोबर होता.

वेणूबाईंनी पंचांग मांडीवर घेतलं. मोडी त्यांनाही येत नव्हती. ती ओळ कुठली ते मला विचारून त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं. "मग पाजलं असेल न्हाई मला?" त्या म्हणाल्या. मथुरा होकारार्थी मान हलवत राहिली.

त्या संध्याकाळी कुणाचाही वाढदिवस नव्हता. जेवणघरात सगळे आमटी-भात जेवत होते. वेणूबाई भिंत धरत धरत आल्या, आणि अप्पाजींपासून सुरुवात करून प्रत्येक पानापाशी थांबून, ज्याला कमी ऐकू येतं त्याच्या कानाशी वाकून सांगत गेल्या, "मला आई होती. तीन महिने नऊ दिवस."