कॅनडासाठी आणलेला कोट

कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास आला की मी पुन्हा त्या कोटात अडकते. आम्हा दोघांना पहिल्यांदाच कॅनडाला फिरायला जायचं होतं. सोलापूरचा मे महिना, त्यात लाईट गेलेली, आणि तिकडच्या थंडीसाठी शेजारणीकडून मागून आणलेल्या जाड कोटाची चेन माझ्या गळ्याशीच अडकून बसली. घामानं जीव गुदमरला.

"काढा हो! मला न्हाय जायचं तिकडं!" मी ओरडले.

"जन्मभर कुटं न्हेलं न्हाय म्हनत हुतीस. आता चल की," आमचे हे हसत म्हणाले.

 मी हनुवटी वर करून उभी राहिले. चेन ओढताना यांचे हात थरथरत होते. विमानात तेही कधी बसले नव्हते. तेव्हा मला वाटलं, हसण्यानंच थरथरताहेत.