वावरावरची हवाईपट्टी

माझ्या नोकरीत दोनच कामं आहेत. विमान येणार नसेल तेव्हा हवाईपट्टी राखायची, आणि येणार असेल तेव्हा तिच्यावरून सगळ्यांना हाकलायचं. पहिलं काम वर्षभर चालतं.

सकाळी नालवाडीकडची रिटायर मंडळी फिरायला येतात. दुपारी कुणाची तरी पोरगी स्कूटी शिकते, संध्याकाळी लग्न ठरलेली जोडपी फोटो काढून घेतात. हंगामात बाजूचे शेतकरी धावपट्टीवर तूर वाळत घालतात. मी ओरडतो, ते हो म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ताडपत्री अंथरतात. आता मी ओरडतसुद्धा नाही. पुढच्या वर्षी नोकरीतून सुटतो आहे.

ही चौकीदारी मिळाली तीच जमीन गेल्यामुळे. आमचं सगळं वावर पट्टीखाली गेलं. बाबा कुणाशी भांडले नाहीत, नुसते रुसले. सुरुवातीची काही वर्षं लहान विमानं यायची, तेव्हा अख्खं गाव कुंपणाला लटकायचं आणि बाबा दार लोटून घरात बसायचे. बाजारालाही ते लांबच्या रस्त्याने जायचे, पट्टी दिसू नये म्हणून. पुढे विमानं बंद झाली. कधीमधी एखादं हेलिकॉप्टर धूळ उडवून जाई, तेवढंच. तोवर बाबांचा रुसवाही विरला होता. एका डोळ्याने दिसेनासं झालं आणि दुसराही अंधुक व्हायला लागला, तेव्हा ते मला म्हणाले, "आपलं वावर कायच्यासाठी गेलं, ते एक डाव पाहाचं हाय मले."

तेव्हापासून रोज संध्याकाळी तोच प्रश्न, विमान येणार म्हणून पत्र आलं का? नाही म्हणून सांगायचा मला वीट आला होता.

यंदा हिवाळ्यात खरंच पत्र आलं. एक मोठे पाहुणे विमानाने येणार होते. आठ दिवस आम्ही भेगा बुजवल्या, बाभळी तोडल्या, चुना मारला. आत थांबणाऱ्या माणसांची यादी साहेबांनी मागितली. गवत कापणाऱ्यांत बाबांचं नाव घालता आलं असतं. पण ऐंशीच्या माणसाला मजूर म्हणून कसं दाखवू, कुणी विचारलं तर काय सांगू, सुटायला वर्ष राहिलंय, असं म्हणत मी ते लिहिलं नाही. साहेबांना विचारलंही नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

बाबांना मी आंजीकडच्या बाजूला, कुंपणाजवळ उभं राहायला सांगितलं. विमान यायच्या तासभर आधी पोलिसांनी तिथल्या सगळ्यांना हटवलं आणि गोदामामागे नेऊन बसवलं. तिथून बाबांना फक्त आवाज ऐकू आला.

माझी ड्युटी पार टोकाला, कुत्री आत येऊ नयेत म्हणून. नेमकी दोन आली. मी दगड घेऊन त्यांच्यामागे धावत होतो, तेव्हा पाठीमागे घरघर वाढली आणि थांबली. वळून पाहिलं तर विमान उभं होतं.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, टेकलं कुठं? मी थकलो होतो. आपल्याच वावरात टेकलं, असं सांगून मी अंग टाकलं.

सकाळी ते माझ्याआधी तयार होते. म्हणाले, जागा दाखव. जिथे आमचं वावर होतं तिथे मी त्यांना नेलं. ते वाकले, हाताने डांबर चाचपलं, मग तसेच वाकून पुढे चालत राहिले. बऱ्याच लांब, जिथे पूर्वी दुसऱ्याचं वावर होतं तिथे, चाकांचे दोन काळे पट्टे सापडले. त्यावर पाय ठेवून ते उभे राहिले.

"आपल्या वावरात नाई टेकलं," ते म्हणाले. "तू पाह्यलं होतं का?"

"नाई, बाबा. मी कुत्र्यांमागं होतो."

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"मंग पाह्यलं कोनं?" एवढं विचारून ते घराकडे वळले. मी तिथेच धावपट्टीवर, त्या काळ्या पट्ट्यांजवळ बसून राहिलो.