चेंडू मध्यावर येईपर्यंत

मुलांच्या फुटबॉलमध्ये शेवटची शिट्टी घड्याळ मारत नाही, मी मारते. नियम मला पाठ आहेत, पण ते लिहिणाऱ्यांनी एकदा रविवारी सकाळी पनवेलला येऊन दहा वर्षांखालच्या पोरांची मॅच संपवून दाखवावी. वेळ झाली म्हणून शिट्टी मारली आणि नेमका त्याच क्षणी एखादा पोरगा चेंडू घेऊन गोलकडे सुटलेला असला, तर तो घरी जाऊन जेवत नाही आणि त्याची आई पुढे महिनाभर मला बाजारात ओळख देत नाही. म्हणून आम्ही इकडच्या रेफरींनी आपापसात एक रीत पाडून घेतली आहे. वेळ संपली तरी थांबायचं. चेंडू मैदानाच्या मध्यावर येऊ द्यायचा, कुणाच्याच गोलला धोका नाही असं बघायचं आणि मग शिट्टी मारायची. त्यानंतर पहिलं काम म्हणजे हरलेल्या गोलकीपरकडे चालत जाणं. बाकीची पोरं एकमेकांच्या गळ्यात पडून रडून घेतात, गोलकीपर मात्र पार टोकाला एकटा असतो. त्याला सोबत घेऊन मध्यावर यायचं आणि मग सगळ्यांनी हात मिळवायचे.

आईबापांसाठी वेगळी रीत आहे. गोलच्या मागे कुणी उभं राहायचं नाही. तिथून मुलांच्या कानात कायकाय ओतलं जातं ते मी ऐकलेलं आहे.

मी शाळेत पीटी शिकवते आणि रविवारी या मॅचेस घेते. माहेर उरणकडचं, कोळ्यांचं. आमच्याकडे जेवताना मीठ मागितलं तरी बंदरावर ऐकू जातं, त्यामुळे आरडाओरड्याला मी घाबरत नाही. उलट आई म्हणायची, "भांडनारा मानूस बरा, गप बसनारा नाय." तिचं म्हणणं मला तेव्हा नुसतं भांडणाचं समर्थन वाटायचं.

त्या वर्षी उलव्याच्या सोसायट्यांमधल्या मुलांचा एक संघ आमच्याकडे खेळायला लागला. कोन गावाजवळच्या मैदानावर त्यांच्या गाड्या ओळीने लागायच्या. त्यांची गोलकीपर एक मुलगी होती, नऊ-दहा वर्षांची, हातमोजे तिच्या हातांपेक्षा मोठे. तिचे वडील कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि पहिल्याच मॅचला ते गोलच्या जाळीमागे जाऊन उभे राहिले. "लेफ्टला सरक. अँगल कमी कर. आता पुढे ये, गुड, आता मागे." मॅचभर तोंडाचा पट्टा चालू. मी मॅच थांबवून त्यांना तिथून हलवलं आणि समोरच्या बाजूला इतर पालकांत नेऊन उभं केलं. ते लगेच गेले. मला वाटलं, पोरीला जरा मोकळा श्वास घेता येईल.

झालं उलटंच. ती सारखी मान वळवून मागे बघायला लागली आणि तेवढ्यात दोन गोल खाऊन बसली.

पुढच्या काही रविवारांत तिची एक विचित्र सवय माझ्या लक्षात आली. वेळ काढायचं काम जिंकणारा करतो. बुटाची नाडी सुटते, पायात गोळा येतो, चेंडू आणायला तो असा जातो जणू वरातीत चाललाय. ही मात्र हरत असताना वेळ काढायची. चेंडू हातात आला की छातीशी धरून ठेवायची, मारायची ती बाजूच्या रेषेबाहेर. मध्यावर कधीच नाही. तिच्याच संघातली पोरं तिच्यावर खेकसायची, "अगं, पुढे मार ना, आपण हरतोय!" तिच्या कोचनेही तिला झापलं. मलाही आधी वाटलं की पोरीला खेळ कळत नाही.

खेळ तिला आमच्याहून जास्त कळत होता. एका हरलेल्या मॅचनंतर मी नेहमीप्रमाणे तिला आणायला गेले. चालताचालता ती म्हणाली, "मॅडम, बॉल मध्ये आला की तुम्ही शिट्टी मारता ना?"

आमची रीत एवढ्या वर्षांत एकाही मोठ्या माणसाच्या ध्यानात आली नव्हती.

"म्हणून तू तो मध्ये येऊ देत नाहीस?"

तिने मान हलवली.

"का गं?"

"शिट्टी झाली की बाबा बोलत नाहीत." तिने हातमोजे काढले, पुन्हा घातले. "म्हणजे हरलो तर. जिंकलो तर बोलतात. हरलो की पुढची मॅच सुरू होईपर्यंत नाही बोलत."

"आठवडाभर?"

"मॅच सुरू झाली की बोलतात. ते मागे उभे राहायचे तेव्हा मला सगळं ऐकू यायचं. तिकडून नीट ऐकू येत नाही."

एवढं सांगून ती हात मिळवायला ओळीत जाऊन उभी राहिली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी सरळ तिच्या वडिलांना गाठलं.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. राग नाही, लपवाछपवी नाही. "मॅडम, मी तिच्यावर कधी हात उचललेला नाही. कधी ओरडलोही नाही. बाकीचे पॅरेंट्स काय करतात ते तुम्ही बघताच. मी तिला फक्त विचार करायला वेळ देतो."

"ती लहान आहे हो."

"म्हणूनच. माझ्या वडिलांनी मला असंच घडवलं." मग ते हसले. "थँक यू फॉर युअर कन्सर्न."

हात उचलणाऱ्या बापाचा हात धरता येतो, शिव्या देणाऱ्याला मैदानाबाहेर काढता येतं. ते मी केलेलं आहे. पण जो काहीच करत नाही त्याला लाल कार्ड कशाबद्दल दाखवायचं? मी कोचशी बोलले. तो म्हणाला, "मॅडम, घरचा मामला आहे." तिच्या आईशी बोलायला गेले तर ती गाडीत बसून मोबाइलकडे बघत राहिली. नंतर हळूच म्हणाली, "माझ्याशीही तसंच असतं."

पावसाळ्याआधीची शेवटची मॅच नेरे गावच्या मुलांशी होती. त्यानंतर मैदानात चिखल होतो आणि थेट पाऊस सरल्यावर खेळ सुरू होतो. हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं आणि बहुधा तिच्या बापालाही माहीत होतं. त्या दिवशी मी स्वतःच जाऊन त्यांना सांगितलं, "गोलच्या मागे उभे राहा." बाकीचे रेफरी माझ्याकडे बघत राहिले.

पोरगी इतकी सुरेख खेळली की काय सांगू. मागून आवाज येत होता आणि ती त्या आवाजाबरोबर सरकत होती, डोळे मिटून चालली असती तरी चुकली नसती. तरीही नेऱ्याची पोरं भारी होती. तिच्याच संघातल्या बॅककडून चेंडू निसटला आणि एक गोल झाला. तिचा दोष नव्हता, पण घरी निकाल एवढाच मोजला जाणार होता.

वेळ संपली. मी थांबले. चेंडू तिच्याकडे आला, तिने झेपावून धरला आणि छातीशी घट्ट आवळून उभी राहिली.

"मार बेटा, लांब मार," मागून बाप म्हणाला. "दोन पावलं पुढे ये. शाबास. आता मार."

ती हलली नाही. पोरं ओरडायला लागली. नेऱ्याच्या बाजूने एक आजोबा म्हणाले, "आवो मॅडम, टाइम कवाचा झाला. ती पोर बाल सोडीत नाय." त्यांचं खरं होतं. गोलकीपरने चेंडू एवढा वेळ धरून ठेवला की नियमाने मी तो नेऱ्याला द्यायला हवा होता, आणि तिथून दुसरा गोल नक्की होता. मी आणखी थांबले. खूप थांबले. मागून आवाज येतच होता, न चिडता, एका लयीत. "ऐक माझं, बेटा. घाबरू नकोस. मी आहे ना इथे." ती चेंडू धरून ऐकत होती. चेंडू मध्यावर येणार नव्हता, हे मला तिच्याकडे बघूनच कळलं.

मी शिट्टी मारली.

"बेटा" म्हणताम्हणता तो आवाज थांबला. तिने मागे वळून पाहिलं नाही. मी तिला आणायला गेले तेव्हा तिने चेंडू माझ्या हातात दिला आणि शिकवल्याप्रमाणे म्हणाली, "थँक यू, मॅडम."