चादरीपलीकडचा भिडू

कुसुमताईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते आणीबाणी उठली त्या वर्षी, जून महिन्यात, हिंगणघाटच्या आमच्या मुलींच्या शाळेत. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकून मी इथे इंग्रजी शिकवायला आले होते आणि शिक्षकांच्या खोलीत कुठे बसावं हे न कळून दारातच उभी होते. गणिताच्या वह्या तपासणाऱ्या ताईंनी मान वर न करता शेजारची खुर्ची सरकवली आणि विचारलं, "पत्ते येते का खेळता?"

"नाही," मी म्हणाले. आमच्या सिस्टरांच्या लेखी पत्ते म्हणजे पापच होतं.

"बरं झालं. मोडायच्या सवयी नाईत तुले."

ताईंच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात त्यांच्या अध्यापनाबद्दल अधिकाराने लिहिणारे पुष्कळ आहेत. मी त्यांची भिडू, म्हणून मी मेंढीकोटाबद्दलच लिहिते.

हा खेळ चौघांचा, समोरासमोरचे दोघे एकमेकांचे भिडू. चार दश्श्यांपैकी ज्या जोडीकडे जास्त, ती जिंकली. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात जास्त त्यांचा डाव. मी हे ताईंच्या ओसरीवर शिकले, रविवारच्या दुपारी, वडनेरहून त्यांच्या भावाने पाठवलेले पेरू खात. ताई वर्गात शुद्ध मराठी बोलत, सतरंजीवर बसल्या की वऱ्हाडी.

खुणा त्यांना चालत नसत. घरोघरी मेंढीकोट खुणांवरच चालतो, हे मला आमच्या चित्रकलेच्या मालतीबाईंनी सांगितलं होतं. एकदा मालतीबाई माझ्या भिडू असताना कानाला हात लावत राहिल्या. ताईंनी पानं खाली ठेवली.

"काऊन वं मालती, कान काऊन खाजवून राह्यली?"

"ताई, तिले सांगून राह्यली होती. इस्पिकचा एक्का हाय माह्याजवळ."

"मंग एक्काच टाक ना. तो तुह्यापेक्षा चांगला बोलते."

भिडू काय खेळतो ते बघायचं, आणि काय खेळत नाही ते त्याहून नीट बघायचं, एवढंच त्यांनी मला शिकवलं. वर्गातही त्या अशाच. फळ्यापाशी अडलेल्या मुलीला त्यांनी कधी उत्तर सांगितलं नाही. खडू तिच्या हातात ठेवून त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहत. एका मुलीचं गणित सुटलं तेव्हा घंटा होऊन गेली होती, आणि सगळा वर्ग तिच्यासाठी थांबून होता.

माझे वडील गेले तेव्हा ताई न बोलावता नागपूरला आल्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा करत स्वयंपाकघरात राहिल्या आणि मी जेवले की नाही तेवढं बघत होत्या. मी शाळेत परतले तर माझ्या वर्गाला राहिलेली इंग्रजी कविता ताईंनी शिकवून टाकली होती. मुलींनी ती वऱ्हाडी अर्थासकट पाठ केली होती.

आता त्या अंतिम सामन्याबद्दल. गावातल्या शिक्षकांच्या सभागृहात गणपतीत मेंढीकोटाची स्पर्धा होई. ऐंशीच्या सुमाराला ताईंनी आम्हा दोघींची नावं दिली. बायकांची ती पहिलीच जोडी. आम्ही जिंकत जिंकत शेवटपर्यंत पोचलो. समोर मुलांच्या शाळेचे भोयर मास्तर, दरवर्षीचे विजेते, आणि त्यांचे भिडू. तीनपैकी एक डाव त्यांचा झाला, एक आमचा. तिसऱ्याची पानं पिसण्याआधी मास्तर मोठ्याने म्हणाले, "बाई, राग मानू नका. पण तुमच्या दोघीत खुना चालू हायेत. त्याच्याबिगर असं जमत नाई."

आमच्या संस्थेचे सचिव पहिल्याच रांगेत होते आणि शाळेतलं मुख्याध्यापिकेचं पद रिकामं होतं, त्यासाठी ताईंचं नाव चर्चेत होतं. पण मला भीती वाटली ती निराळीच. गणिताच्या बाई लबाडी करतात, हे संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक मुलीच्या घरी पोचलं असतं.

ताई म्हणाल्या, "मंग पडदा लावा."

गादीवरची चादर काढली. दोन शिक्षकांनी तिची टोकं धरून ती ताईंच्या आणि माझ्या मध्ये ताणली. खालून वीतभर जागा सोडली, पानं दिसावीत म्हणून.

"मंगलाष्टकं कोन म्हनते आता?" मागून कोणीतरी विचारलं.

"अक्षता हातात ठेवा," पलीकडून ताईंचा आवाज आला, "मास्तरच्या डोक्यावर टाकाले."

त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. चादरीच्या धुळीने मला खोकला येत होता, तो मी गिळत राहिले.

दोन-दोन पानं उरली तेव्हा मास्तरांकडे दोन दश्श्या होत्या, आमच्याकडे एक. हात आमचे सहा, त्यांचे पाच. चौथी दश्शी, बदामाची, माझ्या हातात होती आणि उतारी माझी होती. ती मास्तरांनी मारली तर सगळं संपलं. आमच्याकडे आली तर डाव आमचा. हुकूम संपले होते. बदामाचे एक्का आणि राजा दोन्ही अजून बाहेर पडले नव्हते.

मागच्याच हाताला ताईंनी किलवरचा राजा फेकून दिला होता. एक्का पडून गेल्यावर किलवरमध्ये तेच सर्वांत मोठं पान होतं. हातातला राजा त्या उगीच कशाला टाकतील? राजाहून मोठं काहीतरी जपायचं असेल तरच. मी बदामाची दश्शी खाली ठेवली.

मास्तरांनी तिच्यावर बदामाचा राजा टाकला आणि मिशीवरून हात फिरवला. चादरीखालून ताईंची बोटं दिसली. त्यांनी एक पान पुढे सरकवलं. बदामाचा एक्का होता.

चादर धरणाऱ्यांनीच आधी टाळ्या वाजवल्या, त्यामुळे ती मास्तरांच्या अंगावर पडली. तिच्यातून बाहेर येत ते उभे राहिले. "बाई, चारचौघात बोललो, चारचौघातच माफी मांगतो."

"माफी राहू द्या, मास्तर. रविवारी दुपारी येत जा. आमाले चौथा भिडू कमी पडते."

मास्तर खरंच येऊ लागले, आणि बदली होईपर्यंत येत राहिले. दिवाळीनंतर ताई मुख्याध्यापिका झाल्या.

घरी परतताना मी ताईंना विचारलं होतं, "मी दश्शीच टाकीन, हे तुम्हाला कसं कळलं?"

"नाई कळलं," त्या म्हणाल्या. "एक्का ठेवला तुह्यासाठी. पुढचं तुह्यावर होतं."

आमच्या कितीतरी विद्यार्थिनी आज मोठ्या जागांवर आहेत. त्यांनाही हाच अनुभव असेल. आपला एक्का राखून ताई पलीकडे शांत बसल्या, आणि ह्या मुली आपल्या बुद्धीने खेळल्या. ताईंची नजर, स्मरण आणि हातपाय असेच शाबूत राहोत, त्यांच्या ओसरीवरची सतरंजी आणखी पुष्कळ वर्षं घडी न होता पडून राहो. आणि माझ्या ताई खूप खूप वर्षं माझ्या खेळावर हरकत घेत, मला चिडवत, माझ्यावर डाव सोपवत माझ्यासमोर बसोत.