कोरे सात दिवस

समुद्रपूरच्या शकुंतलाबाई उमाटे अठ्ठावन्न वर्षांच्या झाल्या, तोवर कोरी म्हणावी अशी एकही मोठी वस्तू त्यांच्या वाट्याला आली नव्हती. देवळीला माहेरी त्या तिसरी मुलगी. फ्रॉक आधी थोरल्या विमलाचा, मग मधलीचा, मग यांचा. शाळेच्या पुस्तकांवर दोन नावं आधीच खोडलेली असत. लग्नानंतर तरी हे संपेल असं वाटलं होतं, तर नवरा मिळाला तो बंडूजी, ज्यांचा धंदाच जुने ट्रॅक्टर घ्यायचा आणि विकायचा.

बंडूजी माणूस वाईट नव्हते. नवी वस्तू घेणाऱ्याची त्यांना फक्त मनापासून कीव यायची. घरातला फ्रिज बदली होऊन गेलेल्या एका डॉक्टरचा होता आणि गाडीही त्याच डॉक्टरची. गाडीच्या काचेवरचा लाल क्रॉस काही केल्या निघेना, म्हणून दोनदा लोकांनी रस्त्यात आडवं होऊन पेशंट दाखवला. दुसऱ्या वेळी बंडूजींनी खिशातली तापाची गोळी देऊनही टाकली. सोफा तहसीलमधल्या बाबूचा. आणि पलंग हिंगणघाटच्या एका बंद पडलेल्या लॉजच्या लिलावातला, डोक्याकडच्या फळीवर १०४ आकड्याचा पितळी बिल्ला ठोकलेला. बत्तीस वर्षांचा संसार आणि दोन लेकरं त्या एकशे चार नंबरावरच झाली.

मग देवळीच्या शेताच्या वाटणीतून शकुंतलाबाईंच्या नावावर थोडे पैसे आले. त्याच सुमारास नागपूरच्या एका प्रदर्शनात त्यांनी कसलं तरी कूपन भरून डब्यात टाकलं होतं, त्याचा फोन आला. बक्षीस लागलं होतं. अट एवढीच, की नवऱ्याला घेऊन हॉटेलात यायचं आणि दीड तास एका हॉलिडे क्लबची माहिती ऐकायची.

दीड तासाचे तीन तास झाले. पियुष नावाच्या टाय लावलेल्या मुलानं डोंगर दाखवले, तलाव दाखवले, नाश्त्याचा फोटो दाखवला. साडेचार लाख एकदाच भरायचे, की पंचवीस वर्षं दरवर्षी सात दिवस क्लबच्या कोणत्याही रिसॉर्टात राहायचं. वर देखभालीचे पैसे दरवर्षी. शेजारच्या टेबलावर कोणी सही केली की सगळा स्टाफ उभा राहून टाळ्या वाजवायचा.

"ही किंमत फक्त आजची आहे, अंकल," पियुष म्हणाला. "उद्या पन्नास हजारांनी वाढते."

बंडूजींनी त्याच्याकडे मायेनं पाहिलं. तीस वर्षं ते गिऱ्हाइकांना हेच सांगत आले होते आणि दुसऱ्या दिवशी त्याच भावात ट्रॅक्टर विकत आले होते.

"कोणत्या गावचा तू?"

"कारंजा घाडगे."

"मंग टाय सैल कर अन् पाणी पी. आमी घरी जाऊन इचार करतो."

शकुंतलाबाईंचं लक्ष मात्र एका फोटोत अडकलं होतं. दरीकडे तोंड केलेला व्हरांडा आणि त्यात एक वेताची खुर्ची, रिकामी. बक्षिसाचा कॅसरोल मांडीवर घेऊन त्या गाडीत बसल्या. त्याचं झाकण बसत नव्हतं.

"मले हे पाह्यजे," जाम गावाचा फाटा आला तेव्हा त्या म्हणाल्या. "अन् कोरं पाह्यजे."

"सुट्टीत कोरं-जुनं काय असते वो?"

"तुमच्या घरात सगळ्यातच असते."

पैसे बायकोचे होते, त्यामुळे बंडूजींना आडवं येता येईना. पण कोरी वस्तू डोळ्यांदेखत घरात येताना पाहणंही त्यांना सोसेना. आठवडाभरात त्यांनी वर्ध्याचे एक प्रभाकरराव शोधून काढले. कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्याच क्लबची त्यांची मेंबरशिप होती, दहा वर्षं वापरलेली, पंधरा शिल्लक. मागत होते सव्वा लाख.

रविवारी दोघं वर्ध्याला गेले. बंडूजींनी कागद असे तपासले, जसं ते इंजिनाखाली शिरून तेल गळतं का बघत. देखभालीची थकबाकी नाही ना, कुठे गहाण नाही ना, नावावर करून द्यायला क्लब आडकाठी करत नाही ना. प्रभाकररावांनी प्रत्येक पावती तारखेनुसार लावून ठेवली होती. शेवटी बंडूजींनी त्यांचा आवडता प्रश्न विचारला.

"इकून काऊन राह्यले?"

"हिचे गुडघे," प्रभाकररावांनी बायकोकडे, प्रमिलाबाईंकडे, हात केला. "आणि खरं सांगू का, मे महिन्यात आम्हाला कधी खोली मिळाली नाही. सहा महिने आधी फोन धरून बसावं लागतं. तुम्ही जा किंवा नका जाऊ, देखभालीचे अठरा हजार भरावेच लागतात. तेही वाढत जातात."

"मंग घेतलं काऊन होतं?"

प्रभाकररावांनी थोडा विचार केला. "टाळ्या वाजवल्या त्यांनी," ते म्हणाले.

"दहा वर्षांत चारदा गेलो," चिवड्याच्या बशा ठेवत प्रमिलाबाई म्हणाल्या. "चारही वेळा भांडून आलो."

विकणाऱ्यानं स्वतःच्या मालाला नावं ठेवलेली बंडूजींनी आयुष्यात प्रथम ऐकली. ते खूश झाले. इतका खरा माणूस म्हणजे माल पक्का. शकुंतलाबाईंनी बशीला हात लावला नाही. परतताना त्या एवढंच म्हणाल्या, "दुसऱ्याच्या भांडणातून उरलेल्या दिवसाईत मी राहाले जात नाई."

बुधवारी त्यांनी पर्समध्ये चेकबुक टाकलं आणि बंडूजींना न सांगता नागपूरची एसटी पकडली. क्लबच्या ऑफिसात पियुष त्यांना पाहून उभाच राहिला. विचार करतो म्हणून गेलेलं माणूस परत आलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. किंमतही साडेचार लाखच होती, पन्नास हजार कुठे गेले ते कोणी विचारलं नाही. फॉर्म भरला, फोटो चिकटवला. सहीच्या आधी शकुंतलाबाईंनी पेन थांबवलं.

"मले एक सांग. हे सगळं कोरं हाय ना?"

"हो मॅडम. ब्रँड न्यू मेंबरशिप."

"तो कागद झाला. मी खोलीचं विचारून राह्यली. मी जाईन त्याच्या आधल्या आठवड्यात तिथं कोण राह्यते?"

"दुसरे मेंबर."

"अन् त्यायच्या आधी?"

"आणखी दुसरे." पियुषनं घाईनं जोडलं, "पण चादर रोज बदलतात, मॅडम."

"म्हंजे पलंग वापरलेलाच."

"आता... हॉटेलसारखंच असतं ते."

शकुंतलाबाई त्या फोटोतल्या खुर्चीकडे बघत राहिल्या. ती रिकामी दिसत होती ती फोटो काढणाऱ्यानं कोणाला तरी उठवलं होतं म्हणून, हे त्यांच्या आता ध्यानात आलं.

"समज, एखाद्याची जुनी मेंबरशिप मी घेतली. मले पलंग कोणता भेटन?"

पियुषनं मॅनेजरच्या काचेच्या केबिनकडे पाहिलं. मॅनेजर फोनवर होता. "तोच," तो हळू आवाजात म्हणाला. "परदेशातली अदलाबदल नाही मिळत जुन्यावर, एक-दोन सवलती जातात. बाकी तोच पलंग, काकू."

मॅडमच्या काकू झाल्या तिथेच पियुषची त्या महिन्याची विक्री एकानं कमी झाली. शकुंतलाबाईंनी फॉर्मवरचा आपला फोटो नखानं अलगद सोडवून परत घेतला. फोटोचे पैसे पडले होते.

त्या घरी आल्या तेव्हा बंडूजी दारातच उभे होते, चेहरा उतरलेला. चेकबुक जागेवर नाही हे त्यांनी पाहिलं होतं.

"घेतलं काय?"

"नाई. त्या प्रभाकररावले फोन करा. पण वाचलेल्या पैशातून मी काय आणीन ते तुमी इचारायचं नाई. अन् सात दिवस झोपाले जुनं चालते मले, बाकीचे दिवस चालत नाई."

बंडूजींना शेवटचं वाक्य पुढच्या सोमवारी कळलं, जेव्हा टेम्पोतून सागवानी पलंग उतरला आणि त्यावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली गादी. प्लॅस्टिकला शकुंतलाबाईंनी कोणाला हात लावू दिला नाही. दार लावून घेऊन एकट्यानं कात्रीनं कापलं, मग गादीच्या मधोमध जाऊन बसल्या. आतून नाक ओढल्यासारखा आवाज येत होता. बंडूजी बाहेर दाराला कान लावून उभे होते. कशासाठी, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"रडून राह्यली काय वो?"

"वास घेऊन राह्यली," आतून उत्तर आलं.

जुना पलंग बंडूजींनी तीन दिवसांत विकला, नफ्यानं.

मेंबरशिप नावावर व्हायला साडेतीन महिने लागले. क्लबनं एकदा सही जुळत नाही म्हटलं, एकदा फी कमी भरली म्हटलं. नावावर करायच्या फीवरून बंडूजींनी प्रभाकररावांशी घासाघीस केली आणि अर्धी त्यांच्या गळ्यात मारली. मे महिन्यात अर्थातच खोली मिळाली नाही. ऑक्टोबरातले सात दिवस मिळाले.

व्हरांडा फोटोतल्यापेक्षा लहान निघाला आणि खुर्चीचा एक पाय सुतळीनं बांधलेला. शकुंतलाबाई तरी रोज सकाळी तिथे बसल्या. कोणी विचारत नव्हतं की भाजी काय करायची. पहिले दोन दिवस त्यांना चैन पडेना, तिसऱ्या दिवशी पडायला लागली. खोलीच्या कपाटात आधीच्या कोणाचा तरी कंगवा सापडला, तो त्यांनी दोन बोटांनी उचलून बाहेर दिला आणि पुन्हा येऊन बसल्या. बंडूजी दुपारपर्यंत कंटाळायचे. मग त्यांनी रिसॉर्टच्या मागे पडलेला एक जुना जनरेटर हेरला, आणि सहाव्या दिवशी मॅनेजरला बाजूला घेऊन भाव विचारताना शकुंतलाबाईंनी पाहिलं आणि नवरा-बायकोची जुंपली.

पुढल्या वर्षीच्या बुकिंगसाठी शकुंतलाबाईंनी सहा महिने आधी स्वतः फोन धरला. सोबत येणाऱ्या पाहुण्याचं नाव विचारल्यावर त्यांनी थोरल्या बहिणीचं, विमलाबाईंचं, सांगितलं. बंडूजी समोरच बसले होते.

"अन् मी?"

"तुमी घरी राहाजा. नवीन पलंग हाय, आरामानं झोपजा."