झोळीची दोरी
जुन्या सुती लुगड्याला दुधाचा आंबूस वास आला की जळोचीचं माहेरचं घर आठवतं. नव्वदच्या दशकात माझी दहावी होती. उद्या विज्ञानाचा पेपर, आणि वस्तुमान न् वजन यातला फरक डोक्यात शिरत नव्हता. बाळंतपणाला आलेली ताई आढ्याला टांगलेली लुगड्याची झोळी हलवत पेंगत होती. मी कुरकुरले, "समदं वजन तर आढ्यावर हाय, मग तुझा हात कशानं भरून येतो?" "तूच बघ हलवून," म्हणत तिनं दोरी दिली न् तिथंच लवंडली. वजन आढ्यानं पेललं होतं, तरी प्रत्येक झोक्याला बाळ ओढायला आणि आवरायला जोर लागत होता. हा जोर मागतं तेच वस्तुमान. ताई संध्याकाळपर्यंत उठली नाही. आज घराचा भार नवऱ्यावर आहे असं सगळे म्हणतात. हात मात्र माझा भरून येतो.